सूतकताईच्या तासातली वीज

बाई,

तुमच्या मागे एक गोष्ट घडली आहे. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. शोकसभेत मी जे बोललो ते मनावर घेऊ नका. ते भाषण हेडमास्तरांचं होतं, आणि हेडमास्तर लोक अशा वेळी कसं बोलतात हे तुम्हाला ठाऊक आहे. 'शाळेची अपरिमित हानी', 'भरून न येणारी पोकळी' वगैरे. वांगणीच्या तुमच्या नव्या शाळेतले लोकही आले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो आणि मला माझाच राग आला, कारण जे सांगायला हवं होतं ते राहूनच गेलं होतं.

ते असं. गेली दोन वर्षं मी एका भीतीखाली जगलो. तुम्ही घेत होतात तो विजेचा धडा मी बंद केला होता. त्या बंदीमुळे शेजारच्या मांजर्ली गावचं एखादं पोर तारेला चिकटून जाईल आणि ते पाप माझ्या माथी येईल, अशी ती भीती होती. ती मी तुमच्याजवळ कधी कबूल केली नाही. तुमच्याशी बोलताना माझा आवाज नेहमी माझं बरोबर असल्यासारखाच चढलेला असायचा.

आपल्या भांडणाची सुरुवात आठवते? तुम्ही अंबरनाथहून आमच्या बदलापूरच्या शाळेत आलात आणि पहिल्याच महिन्यात वर्गाच्या भिंतीवर कोळशाने एक वाटोळं बटण काढलंत. शेजारी खिळ्याला पंचा, खाली लाकडी पाट, आणि दाराबाहेर पाण्याची बादली. मी व्हरांड्यातून जाताना पाहिलं, तर तिसरीची पोरं एकेक करून बाहेर हातपाय धुऊन येत होती, पंच्याला पुसत होती, पाटावर चढून भिंतीवरचा कोळसा दाबत होती. बाकीची पोरं 'लागला दिवा!' म्हणून बोंबलत होती. भिंतीला नुकताच चुना दिलेला. माझं डोकंच फिरलं.

"बाई, हे काय चाललंय?"

"दिवेलागण, गुरुजी."

"ज्यांच्या घरी धड कंदील नाही त्यांना बटणं कशाला?"

"तारा स्टेशनापर्यंत आल्यात. उद्या गावात येतील, परवा मांजर्लीला. दिवे आल्यावर शिकवायचं म्हणजे उशीर झाला की हो!"

मग मधल्या सुट्टीत तुम्ही मला समजावून सांगितलंत. आपल्या लोकांची रीत अशी, की संध्याकाळी बाहेरून यायचं, हातपाय धुवायचे, आणि तसंच ओल्या अंगाने देवापाशी जाऊन दिवा लावायचा, हात जोडायचे. तेलाच्या दिव्याला ते चालतं. पण नव्या घरांतून जी पितळी टोपीची बटणं बसवत होते, त्यांना सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून ओला हात लावला तर? "आपली चांगली सवयच आपल्या जिवावर उठेल, गुरुजी," तुम्ही म्हणालात. "आईबाप मी सांगून ऐकणार नाहीत. पण पोरं रोज दिव्याला हात लावतात. त्यांच्या हातात पंचा दिला की झालं."

मी काय बोललो? मी म्हणालो, "जेवायचा पाट पायाखाली घ्यायला शिकवता?" आणि तुम्ही पटकन म्हणालात, "लग्नात नवरानवरी कशावर उभी राहतात?" मी तपकिरीची डबी काढली आणि विषय बदलला. खरं तर त्याच दिवशी संध्याकाळी मी घरी हातपाय धुतले, आणि ओल्या हाताने बटणाकडे गेलो, आणि मध्येच थबकलो. माझं घर स्टेशनाला लागून, तिथे दिवे येऊन सहा महिने झाले होते. सहा महिने मी रोज तेच करत होतो. पंच्याला हात पुसले, पायही पुसले. हे मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

तुमचे बाकीचे खेळही मी आडून आडून पाहत असे. पटांगणात दोर टाकून ठेवायचा, ती तुटलेली तार. पोरांनी लांबून वळसा घालून जायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. गोल बसून हातात हात धरायचे, एकाने दाबायचा, तो दाब फिरत फिरत परत त्याच्याकडे यायचा, म्हणजे वीज कशी धावते ते कळतं. स्टोव्हला पंप मारताना पदर कसा खोचायचा हेसुद्धा तुम्ही मुलांना करून दाखवलंत. मुलग्यांनासुद्धा! त्यावर तर शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर हसणं चाललं होतं.

पण एक खेळ मला मुळीच सोसत नसे. एका पोराने विजेला चिकटल्याचं सोंग करायचं, दुसरी पोर त्याची आई. आई धावत सुटायची, आणि सगळ्या वर्गाने तिला अडवायचं. हात लावू द्यायचा नाही. मग कोणीतरी कोरडी काठी किंवा पाट आणायचा आणि त्या पोराचा हात बटणावरून झटकून काढायचा. एकदा आई झालेली मुलगी खरोखरीची रडायला लागली. मी वर्गात शिरलो.

"बाई, हे निर्दयपणाचं आहे. लेकराला हात लावू नको असं आईला शिकवता?"

 शाळा सुटल्यावर तुम्ही ओसरीवर उभ्या राहून एक हकिकत सांगितलीत. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आताच्या उल्हासनगरात, निर्वासित माणसं आली तेव्हा तुम्ही तिथे एका बराकीत सिंधी पोरांना शिकवायला जात होतात. बराकीच्या छपरातून जुन्या तारा लोंबत होत्या. धुणं वाळत घालायला जागा नाही, म्हणून एका बाईने ओली चादर त्या तारेवर टाकली आणि ती चिकटली. शेजारीण "अदी! अदी!" करत धावली, कारण तिकडे बहिणीला अदी म्हणतात, आणि तिने तिला मिठी मारली. "चिकटलेली वाचली, गुरुजी. मिठी मारणारी गेली. मी चार हातांवर उभी होते, पोरांना पाढे सांगत. मीही धावणारच होते."

एवढं सांगून तुम्ही छत्री उचललीत आणि स्टेशनाकडे चालू लागलात. 

आता माझ्या करणीकडे येतो. आमच्या गावातले एक वजनदार गृहस्थ होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या घरी त्या वर्षी दिवे आलेले. खंडेनवमीला त्यांनी नांगर, कोयते, शिवणयंत्र यांच्याबरोबर विजेचा मीटरही पुजायला काढला. पूजेला ना नाही. पण भटजींनी तांब्यातलं पाणी मीटरवर शिंपडायला हात उचलला, आणि आबांची नात, तुमच्या वर्गातली, उडी मारून गेली आणि तिने मेनचा खटका खाली ओढला. ओटीवरची खोली, दिवसाही काळोखी. भटजी अंधारात मंत्र म्हणत राहिले. पाहुण्यांपुढे आबांची शोभा झाली.

दुसऱ्या दिवशी आबा पायातल्या वहाणा न काढता माझ्या खोलीत आले. "तुमची बाई पोरांना देवाधर्माच्या विरुद्ध शिकवते," म्हणाले. "दिपोटी साहेबांच्या कानावर घालू का?"

पुढच्याच आठवड्यात शाळा तपासायला दिपोटी येणार होते. मी घाबरलो, बाई. दुसरं काही नाही, निव्वळ घाबरलो. आबा गेल्याबरोबर सूचनावही ओढली आणि लिहिलं, की अभ्यासक्रमाबाहेरचे पाठ व खेळ कोणीही वर्गात घेऊ नयेत. वही फिरवली. सगळ्यांनी 'मान्य' लिहून सही केली. तुम्ही 'वाचले' लिहून सही केलीत. मला ते टोचलं, पण सही होती, म्हणून सोडून दिलं. भिंतीवरचं बटण मी शिपायाकडून चुन्याने पुसून घेतलं.

त्यानंतर तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत. तेच मला खटकायला हवं होतं. तुम्ही आणि गप्प! पण मी स्वतःची समजूत घातली, की बाई शहाण्या आहेत, समजल्या.

मग मांजर्लीला दिवे आले. गाव आनंदलं, पेढे वाटले गेले, मला मानाने बोलावून पहिलं बटण माझ्या हातून दाबवलं. मी पेढा हातातच धरून बसलो. समोर पोरं रांगेने बसली होती. त्यातली निम्मी त्या वर्षीच्या तिसरीतली, ज्यांचा धडा मी मोडला होता. त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला माझ्या पोटात गोळा उठायचा. आता मांजर्लीत पोरं नदीवरून येत असतील. आता पाय धुवत असतील. आता बटणाकडे जात असतील. बायको विचारायची, तुम्हाला रोज याच वेळी अपचन कसं होतं? काय सांगणार तिला?

मी धडा पुन्हा सुरू करू शकलो असतो. ते माझ्या हातात होतं. पण बंदी उठवायची म्हणजे ती घालताना चुकलो असं कबूल करायचं, आणि तेवढं मन माझ्यात नव्हतं. गेल्या वर्षी तुमची बदली वांगणीला झाली, तेव्हा तर मला थोडं हायसंसुद्धा वाटलं. तुम्ही समोर नसलात की टोचणी कमी होईल असं वाटलं. ती काही कमी झाली नाही. आणि मग तुमच्या तापाची बातमी आली, आणि पाठोपाठ दुसरी.

तुम्ही गेलात त्याच्या नवव्या दिवशी सकाळी शाळेत निरोप आला, "गुरजी, मांजर्लीत हिराच्या घरी काल करंट लागला."

हिरा म्हणजे त्याच तिसरीतली. आता पाचवीत आहे. त्या दिवशी ती शाळेत आली नव्हती.  निरोप आणणारा माणूस पुढे काही सांगण्याआधीच निघून गेला होता. शाळा कशीबशी सोडली आणि भर उन्हात मांजर्लीची वाट धरली. वाटेत मी तुमच्याशीच बोलत होतो. बाई, तुम्ही तिकडे असाल तर त्या पोरीला आधी जवळ घ्या, मग माझ्याकडे बघा, असं काहीतरी असंबद्ध बडबडत होतो. समोरून बैलगाडीवाला आला. त्याने रामराम केला, पण मला त्याला विचारायचा धीर झाला नाही.

हिराच्या अंगणात पाच-सात माणसं. पण रडारड नव्हती. ओटीवर म्हातारी, हिराची आजी, भिंतीला टेकून बसली होती. उजव्या हाताला हळदीची पट्टी, आणि तोंड खणखणीत चालू. तिच्या शेजारी हिरा, मान खाली घालून. दारात हिराची आई, कपाळाला टेंगूळ.

"बगा गुरजी, बगा ही भवानी!" म्हातारी म्हणाली. "पाटानं हानला माज्या हाताव! हात मोडला माजा!"

हिराच्या आईने टेंगूळ पुढे केलं. "आनि मला ढकलून पाडलं. सासू बटनाला चिकटलेली, मी धरायला धावले, तर ही पोर आडवी आली. मी पडले जात्याव. म्हनते कशी, आये, हात लावशील तर तू पन मरशील!"

माझा जीव भांड्यात पडला, बाई. असं लोक नुसतं म्हणतात, मला तो पडल्याचा आवाजही आला. मी त्या ओटीच्या कडेवर मटकन बसलो. कोणीतरी पाणी आणलं. म्हातारीच्या शिव्या ऐकत मी ते पाणी प्यायलो, आणि त्या शिव्या मला फार गोड लागल्या. म्हातारी नदीवरून आली होती, हातपाय धुऊन तशीच दिवा लावायला गेली होती. हिराने आधी हाक मारली, मग आईला लोटलं, आणि मग कोपऱ्यातला जेवायचा पाट उचलून आजीच्या मनगटावर हाणला. मग माळ्यावरची काठी घेऊन मेन खाली ओढला. सगळं त्याच क्रमाने.

"हिरा," मी विचारलं, "हे तुला कोणी शिकवलं?"

"बायनी."

"पण तुम्ही तिसरीत गेलात तेव्हा तो धडा बंद होता. मीच बंद केला होता."

"वर्गात बंद व्हता. सुताच्या तासाला चालू व्हता."

सूतकताईचा तास! टकळ्या, पेळू आणि उडणारा कापूस. त्या कापसाने मला शिंकांवर शिंका येतात, म्हणून त्या तासाला मी तुमच्या वर्गाच्या जवळपासही फिरकत नसे, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. मग पोरीने सगळं सांगितलं. कातलेलं सूत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधायचं, ती तार. ओल्या हाताने जो सुताला लागेल तो बाद. सोंगातली आई तर रोज नवी. सूत तुटायचं, पुन्हा बांधायचं.

म्हणून तुमच्या वर्गाचं सूत कायम कमी भरायचं! मी तुम्हाला खोलीत बोलावून विचारलं होतं, की बाकीच्या वर्गांच्या लड्या बघा आणि तुमच्या बघा, बाई, पोरं करतात काय? आणि तुम्ही अगदी गरीब चेहऱ्याने म्हणालात, "धागा तुटतो हो, गुरुजी. लहान हात आहेत." मी तुम्हाला नीट पेळू कसे वळावेत यावर व्याख्यान दिलं. तुम्ही ते पूर्ण ऐकून घेतलंत!

"अगं, मग मला कोणी सांगितलं कसं नाही?"

हिराने पहिल्यांदा मान वर केली. "तुमी कदी इचारलं नाय."

आणि तेव्हा मला तुमचा निरोपसमारंभ आठवला. मी हार घातला आणि म्हणालो, "बाईंचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आज्ञाधारकपणा." पहिल्या रांगेत पोरं फसफसली. तुम्ही पदर तोंडाला लावलात. मला वाटलं, गहिवरल्या. मी पुढे पाच मिनिटं आज्ञाधारकपणावरच बोललो. त्या ओटीवर बसून मला हे आठवलं आणि मी हसायला लागलो, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हातारीला वाटलं मला ऊन लागलं.

बाई, माझा हुकूम तुम्ही मोडलात. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नाकाखाली असा हुकूम दुसऱ्या कोणी मोडल्याचं मला माहीत नाही. तो मोडलात म्हणून एक म्हातारी आज शिव्या देते आहे आणि एका पोरीची आई टेंगूळ घेऊन फिरते आहे. तुमचे उपकार कसे मानू? एक राग मात्र आहे, तोही सांगतो. मला निदान बदलीच्या वेळी सांगायचं होतंत. माझी दोन वर्षांची दिवेलागण सुखाची गेली असती. पण सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, हे तुम्ही ओळखून होतात. मी सूतकताईचा तासही बदलला असता. शिंका आवरून दाराशी उभा राहिलो असतो. तुम्ही माझ्याविषयी जे ओळखलंत ते बरोबर होतं, आणि ते वाईट आहे, आणि तरीही मला आज त्याचं फारसं दुःख होत नाही. सुटल्याचा आनंद इतका मोठा आहे.

आपला एक वाद मात्र तसाच राहिला. मी म्हणायचो, पोरांना धाक घातला तरी पुरे, 'हात लावाल तर मराल' एवढं सांगा. तुम्ही म्हणायचात, भ्यालेलं पोर गडबडतं, खेळलेल्या पोराला पुढचं पाऊल ठाऊक असतं. हिराकडे बघून तुमचं पटतं. तरी थोडा धाक हवाच, असं मला अजून वाटतं. यावर तुम्ही काय उत्तर दिलं असतंत ते मी बरंच शोधलं. सापडलं नाही. तुमच्यासारखं पटकन बोलायला मला कधीच जमलं नाही.

हिराला मी सांगितलं, की सोमवारपासून हा धडा वर्गात, उघडपणे, आणि तो पहिल्यांदा तू घ्यायचास. ती म्हणाली, "बगू." मग मी म्हातारीच्या पाया पडलो. तिला काही कळलं नाही, पण तिने आशीर्वाद दिला. त्या घराचा मेन बंदच ठेवायला सांगितला. वायरमन येईपर्यंत कंदील.

ऊन उतरलं होतं. मी घरी जायला हवं होतं, पण पाय निघेना. मी नदीच्या अंगाच्या बांधावर जाऊन उभा राहिलो, जिथून सगळी घरं दिसतात. गुरं परतली, पोरं नदीवरून आली. न्हाणीच्या दगडांवर पाण्याचे आवाज सुरू झाले. ज्या वेळेची मला दोन वर्षं धास्ती होती ती वेळ. मी पहिल्यांदाच ती डोळ्यांनी पाहत होतो.

पाण्याचा आवाज थांबायचा, मग थोडी उसंत, मग दिवा. एका घरात, मग पलीकडच्यात, मग वरच्या आळीत. प्रत्येक घरात ती मधली उसंत होती, बाई. मी नीट लक्ष देऊन ऐकत होतो. एक एक करत सगळे दिवे लागले, हिराच्या ओटीवर कंदील. फक्त वडाजवळचं एक घर तेवढं काळोखात राहिलं. तिथे पाण्याचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता.  मी बांध उतरून त्या घराकडे अर्धा पळतच निघालो.

तेवढ्यात दिवा लागला. दारात एक चिमुरडी आली, तिने मला ओळखलं, आणि मी काही विचारण्याआधीच ओरडून सांगितलं, "गुरजी, पंचा गावत नव्हता!"